जमीन आधी, घर नंतर : वर्धा जिल्ह्यात स्वतःचं घर घेताना

वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवलं गेलं. आज मात्र वर्ध्यात घर घ्यायचं म्हटलं की बहुतेक बोलणी नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच सुरू होतात. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), उमरी (मेघे), नालवाडी, म्हसाळा, साटोडा, आलोडी ही गावं कागदावर ग्रामपंचायती असली तरी दिसायला शहरच आहेत. गाडीवरून जाताना एक हद्द संपून दुसरी कधी लागली ते कळत नाही. नळ मागताना, घरटॅक्स भरताना आणि नाली तुंबल्यावर मात्र ते नेमकं कळतं.

इथे घर घेणारी माणसंही ठरलेली आहेत. सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांतले कर्मचारी, शाळा-कॉलेजातले शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि पोरांच्या शिक्षणासाठी 'वर्ध्याला एक घर असावं' म्हणणारे आर्वी-देवळीकडचे शेतकरी. फ्लॅट मिळतात, पण जीव रमतो तो प्लॉटवरच्या घरात. आपली जमीन, आपलं छत, अंगणात एक कडुनिंब. ही ओढ खोटी नाही. अडचण अशी की घर बघायला गेलेला माणूस आधी टाइल्स बघतो, मग किचनचा ओटा, मग देवघराची दिशा. वर्ध्यात घराचं भवितव्य ठरतं ते फरशीच्या खाली : जमीन कोणाची, माती कोणती, पाणी कुठलं. या तीन गोष्टी बघायची पाळी इसार देऊन झाल्यावर येते.

कागदांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात महागडी चूक तिथेच होते. 'रजिस्ट्री लागली म्हणजे मालकी आली' असा आपल्याकडे पक्का समज आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याला विकायचा अधिकार होता की नाही, हे शोधून काढणं घेणाऱ्याच्याच अंगावर असतं. ग्रामपंचायतीच्या भागात विकणारा पुष्कळदा नमुना ८ चा उतारा पुढे करतो. तो घरपट्टी आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव असणं म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद असणं, एवढंच. मालकी बघायची ती सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर, आणि मागच्या तीस वर्षांच्या फेरफारांत. जुन्या गावठाणातल्या घरांना पूर्वी असा कागदच नसायचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत. गावठाणातलं घर घेणार असाल तर ते पत्रक निघालं का, आणि कोणाच्या नावाने निघालं, हे आधी विचारा.

लेआउटमधला प्लॉट असेल तर सातबारा उघडून बघा. मूळ शेतमालकाच्या नावाखाली पंचवीस-तीस जणांची नावं आणि प्रत्येकापुढे एक किंवा दीड आर क्षेत्र दिसलं, तर तो मंजूर लेआउट नसून शेताचे पाडलेले तुकडे आहेत. एक आर म्हणजे साधारण १,०७६ चौरस फूट, तेव्हा गणित ओळखू येतं. अशा वस्त्यांसाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करून घ्यायची वाट दिली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातही २०२५ मध्ये सूट देण्याची पावलं सरकारने उचलली. पण 'नियमित होऊ शकतं' आणि 'नियमित झालं' यांत कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं. त्या काळात बँक कर्ज देत नाही आणि पुढचा गिऱ्हाईक भाव पाडून मागतो.

'आता एनए लागतच नाही' हे वाक्य दलालाच्या तोंडी हमखास असतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जमीन महसूल संहितेतल्या ४२-ब, ४२-क आणि ४२-ड या कलमांनी आराखड्यात निवासी दाखवलेल्या किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी अकृषक परवानगी मागायची गरज राहिली नाही. रूपांतर कर भरावा लागतोच. लेआउटची मंजुरी आणि बांधकामाची परवानगी या दोन गोष्टी तर कुठेच माफ झालेल्या नाहीत. शिवाय ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो लेआउटवाला चहा मागवतो, त्याच्याकडे चहा पिऊन परत यावं.

काही अडचणी खास आपल्या मुलखाच्या आहेत. पवनार इथलं, म्हणून विनोबांच्या भूदानाचा वारसाही इथला. भूदानात मिळालेली जमीन विदर्भात १९५३ च्या भूदान कायद्याखाली येते आणि ती साध्या खरेदीखताने हातोहात विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली सरकारी परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार जुना असला तरी जमीन परत जाऊ शकते. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' लिहिलेलं दिसलं की थांबायचं आणि अट कोणती ते वाचायचं. शहरांच्या जुन्या भागात नझुलाचे भाडेपट्टे आहेत. तिथे घर विकणाऱ्याचं असतं, जमीन सरकारची. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल भूखंडांसाठी २०२४ मध्ये विशेष अभय योजना आली, तेव्हा विकणाऱ्याने रूपांतर करून घेतलं की तुमच्या माथी ठेवलं, हे सौद्यातच ठरवून घ्यावं. शेतात टुमदार घर बांधायचं स्वप्न असेल तर विदर्भाचा कूळकायदा वेगळा आहे, १९५८ चा. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास असेल तर वनखात्याचेही नियम. पुलगावकडे दारूगोळा भांडाराच्या शेजारी असेल, तर संरक्षण आस्थापनांभोवतीच्या बांधकामांवर निर्बंध घालणारा १९०३ चा कायदा विचारात घ्यावा लागतो.

आणि बहिणी. जुन्या घराच्या विक्रीत दोन-तीन भाऊ सही करायला येतात, पुलगावला किंवा हिंगणघाटला दिलेल्या बहिणीचं नाव कोणी काढत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तो आणखी स्पष्ट केला. 'तिने कधी काही मागितलं नाही' हा कायद्याचा मुद्दा नव्हे. तिची सही, नाहीतर तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर सौदा नको.

कागद नीट निघाले तरी जमीन प्रत्यक्षात तितकीच आहे का, हे भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय कळत नाही. खरेदीखतातली चतुःसीमा 'पूर्वेस अमुक यांचे घर' अशी लिहिलेली असते. अमुक यांनी मधल्या काळात कंपाउंड दोन फूट इकडे सरकवलं असेल, तर ते दोन फूट तुम्ही विकत घेतले आणि त्यांनी वापरले. मोजणीची फी हा सगळ्या सौद्यातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे, आणि लोक नेमका तोच वाचवतात.

आता माती. वर्धा जिल्ह्याच्या बऱ्याच भागात कपाशीची काळी जमीन आहे. कपाशीला जी माती मानवते तीच पायव्याला नडते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच हालचाल घराखालीही चालू असते. मजला एक असो की दोन, काळ्या मातीवर टेकलेला उथळ पाया दर वर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा बसतो. घर हलकं असेल तर जास्तच, कारण मातीचा फुगवटा दाबून ठेवायला वजन नसतं. याचा उपाय जुन्या मिस्त्र्यांनाही ठाऊक होता : खणत मुरमापर्यंत जायचं. मुरूम फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेल्या, तळाशी फुगीर बल्ब असलेल्या पाइल वापरतात. जोत्याच्या भरावात काळी माती घालायची नाही. ती काढून मुरूम भरायचा. घराभोवती तीन-चार फुटांचा काँक्रीटचा पट्टा करायचा, म्हणजे छपराचं पाणी पायव्याशी मुरत नाही. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ठेकेदार इथेच हात आखडतो आणि मालकही गप्प राहतो.

तयार घर घेताना या मातीने केलेली कामगिरी वाचता येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग, जोतं आणि अंगणाची फरशी यांच्यात पडलेली फट, पावसाळ्यात अडकणारे आणि उन्हाळ्यात सुटणारे दरवाजे. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर कपाटाच्या मागे आणि जिन्याखाली बघा, तिथे रंगारी मन लावून काम करत नाही. प्लॅस्टरची केसासारखी बारीक भेग मनावर घेऊ नये. ज्या भेगेत नाणं शिरतं, ती वेगळी. शक्य असेल तर एकच घर दोन ऋतूंत बघावं, मेअखेर एकदा आणि ऑगस्टच्या झडीत एकदा. विकणाऱ्याला घाई असते हे खरं, पण तीस वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला तीन महिने थांबणं परवडतं.

झडीत बघायचं आणखी एक कारण आहे. नाल्याकाठचे प्लॉट उन्हाळ्यात छान सपाट दिसतात. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाटला वणा नदीने काय केलं ते तिथल्या लोकांना कोणी सांगायला नको. नदीकाठी निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. लहान नाल्यांना मात्र अशी रेषा आखलेली नसते. तिथे शेजारच्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग आणि समोरच्या पानठेल्यावरचा म्हातारा, हीच पूररेषा.

पाण्याचा हिशेब वर्ध्यात असा आहे : शहराला धाम नदीचं पाणी मिळतं. महाकालीच्या धरणातून सोडलेलं पाणी येळाकेळी आणि पवनारला उचललं जातं. आजूबाजूच्या बऱ्याच ग्रामपंचायतींना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेवर अवलंबून राहावं लागतं. घर घेताना 'नळ आहे का' हा प्रश्न पुरेसा नाही. मे महिन्यात किती दिवसांआड येतो, किती वेळ आणि किती दाबाने, हे शेजारच्या बाईंना विचारावं, घरमालकाला नको. बोअरबद्दल तर लोकांच्या कल्पना अजबच आहेत. आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. शेजाऱ्याला पाणी लागलं म्हणून आपल्याला लागेलच असं नाही, आणि त्याने आपल्यापेक्षा खोल बोअर मारली तर आपलीही आटू शकते. त्यापेक्षा छत बघा. वर्ध्यात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर तो पडला, आणि थोडं वाया गेलं असं धरलं, तरी सत्तर हजार लिटरच्या वर पाणी हाती लागतं. ते गाळून विहिरीत किंवा बोअरच्या भरणखड्ड्यात सोडायला पाइप आणि गाळणी एवढाच खर्च आहे. फ्लॅटवाल्याला यासाठी सोसायटीची मीटिंग बोलवावी लागते.

येणाऱ्या पाण्याइतकाच जाणाऱ्या पाण्याचा विचार हवा. या भागात भुयारी गटार नसेल तर संडासाचं टाकं आणि शोषखड्डा आपलाच. काळी माती पाणी लवकर शोषत नाही, म्हणून काळीतच संपलेला शोषखड्डा पहिल्या पावसाळ्यात भरून वाहतो. तो मुरमापर्यंत नेला तर पाणी जिरतं, पण मग तेच पाणी भेगांतून शेजारच्या विहिरीपर्यंतही पोहोचू शकतं. टाक्यात आणि विहीर-बोअरमध्ये निदान पन्नास फूट अंतर हवं असं म्हणतात. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर दोन्ही बसवायचे म्हणजे कसरतच, आणि शेजाऱ्याचं टाकं कुठे आहे हे तर कोणी विचारतही नाही.

ऊन हा विषय वर्ध्याच्या माणसाला शिकवायला नको. मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही घरं पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या लावून बांधली जातात. आठ किलोमीटरवर सेवाग्रामात वेगळं उदाहरण उभं आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये शेगावला राहायला आले, तेच गाव पुढे सेवाग्राम झालं. तिथली बापूकुटी माती, बांबू आणि कवेलू यांची. जाड भिंती, बुटकी पडवी, भिंतीवर थेट ऊन पडणार नाही असं खाली उतरलेलं छप्पर. पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याने घर बांधावं हा गांधीविचार वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आयुष्यभर उराशी धरला. दत्तापूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या शंकूसारख्या नळ्या एकात एक बसवून कमानीचं छप्पर करण्याचं तंत्र पुढे आणलं, लोखंड आणि लाकूड दोन्ही वाचवणारं.

बापूकुटी बघून आलेले लोक 'असंच बांधायला हवं' म्हणतात आणि स्लॅबच टाकतात. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. मातीच्या भिंतीला दर वर्षी लिंपण लागतं, छप्पर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं, आणि कवेलूंवर माकडांची टोळी एकदा नाचून गेली की सगळं पुन्हा. शाकारणारी माणसंही आता सहज मिळत नाहीत. कवेलूचं घर सोडून टिनाकडे किंवा स्लॅबकडे जाण्यामागे फॅशनपेक्षा माकडांचा हात मोठा आहे, हे गावोगावी ऐकायला मिळेल. मग कुटीतून घ्यायचं काय? साहित्य जमलं नाही तरी मांडणी घेता येते. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली. दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन-अडीच फुटांचा सज्जा. समोर पडवी. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा थर आणि त्यावर पांढरी फुटकी टाइल, नाहीतर निदान दर मार्चमध्ये चुन्याचा हात. आणि कूलर लावायचा तर समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट हवी. एका खिडकीच्या खोलीत कूलर लावला तर घामच वाढतो. कूलर दिवसभरात टाकीभर पाणी पितो, तेही नेमकं टंचाईच्या महिन्यात, म्हणून ऊन आणि पाणी हे हिशेब एकाच वहीत मांडावे लागतात. हेच ऊन कमाईलाही लावता येतं. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि स्वतःचं छत असणाऱ्याला त्यासाठी कोणाची ना-हरकत मागावी लागत नाही. छतावर तीनशेक चौरस फूट बिनसावलीची जागा मात्र हवी. तिथे आधीच पाण्याची टाकी आणि वरच्या खोलीच्या सळया उभ्या असतात.

राहायला गेल्यावरचं थोडक्यात. फ्लॅटचा मेंटेनन्स वाचला असं समजू नका. तो पैसा आता तुमच्याच खिशातून, पण बेभरवशाच्या वेळी जातो. मोटार जळणं, टाकं उपसणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, चौकटीची वाळवी, नालीवरचं फुटलेलं झाकण. बांधकामाच्या किमतीचा शंभरावा हिस्सा दर वर्षी बाजूला काढून ठेवावा असं मी सांगेन. एखाद्या वर्षी तो उरेल, पुढच्या वर्षी दुप्पट लागेल. लेआउटमध्ये रस्ता, नाली, दिवे करून देईन म्हणणारा प्लॉट विकून झाल्यावर दिसत नाही, आणि सार्वजनिक मोकळ्या जागेवर बाग व्हायच्या आत कोणीतरी मंदिर बांधतो. म्हणून दहा-बारा घरं झाली की रहिवाशांनी एकत्र येऊन ग्रामसभेत बसायला लागलं पाहिजे. वरची खोली विद्यार्थ्यांना भाड्याने देणार असाल (सावंगी-सेवाग्रामकडे अर्ध्या घरांचे हप्ते त्यावरच फिटत असावेत), तर करार लेखी आणि नोंदवलेला हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे.

शेवटी भावाबद्दल. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा कळंबपर्यंतचा भाग २०२४ मध्ये, आणि पवनारहून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा चालूच आहे. तेव्हापासून 'समृद्धीला लागून' अशा पाट्या शेतांत उगवल्या. पैसा गुंतवायचा असेल तर ज्याचा त्याने विचार करावा, भूसंपादनाची अधिसूचना तेवढी वाचावी. पण राहायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. महामार्गाजवळच्या ओसाड नव्या लेआउटपेक्षा पिपरी-सिंदीच्या मंजूर लेआउटमधलं पंधरा-वीस वर्षांचं घर बरं. त्याच्या भिंतींनी काळ्या मातीचे पंधरा पावसाळे पाहिलेले असतात, रस्ता आणि नळ आलेला असतो, आणि ज्या भेगा पडायच्या त्या तुम्हाला सौद्याआधीच दिसतात. टाइल्स जुन्या असतील. त्या बदलता येतात.